गावात राहून गिटार आणि बास शिकताना: जे मला कुणी सांगितलं नाही

माझी पहिली गिटार नागपूरहून एसटीने आली आणि त्याच संध्याकाळी तिची सगळ्यात बारीक तार तुटली. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये, म्हणजे सूर मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये, त्या तारेचा स्वर ‘ई’ काही दिसेना, म्हणून मी खुंटी पिळत गेलो, पिळत गेलो, आणि सटकन आवाज आला. शेजारच्या ओसरीत सुपारी कातरत बसलेले आजोबा म्हणाले, “का बाबू, वाजवाच्या आधीच तोडलास?” तशी तार तालुक्याला मिळाली नाही. नागपूरला जाणारं कुणी सापडेपर्यंत सोळा दिवस पाच तारांची गिटार भिंतीला टेकून उभी होती.

आता दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागला की मी बास घेऊन रात्र-रात्र मंडपात असतो. मधल्या वर्षांत ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, म्हणून हे लिहितो आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातला, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. “गावात क्लास नाही” म्हणून पोट्टे हातपाय गाळून बसतात. मीही बसलो होतो. पण गिटारमध्ये बोटं कुठे ठेवायची हे मोबाइल दाखवतो. ताल आणि सूर कानात बसवणं ही मोठी शिकवणी असते आणि ती देणारी माणसं गावातल्या भजन मंडळात बसलेली असतात. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

१. गिटार की बास, हे आधी ठरवा

गिटारला सहा तारा, साध्या बासला चार. बासच्या चार तारांची नावं गिटारच्या जाड चार तारांचीच आहेत: ई, ए, डी, जी. फक्त बास एक सप्तक खाली बोलतो. त्यामुळे गिटारच्या जाड तारांवर शिकलेली बासची चाल उद्या बासवर जशीच्या तशी बसते.

फरक अंगात आहे. गिटारची तार वरच्या नटपासून (दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी) खालच्या ब्रिजपर्यंत (पोटावरची, तारा अडकतात ती पट्टी) साधारण ६५ सेंटिमीटर भरते, बासची ८६. म्हणजे फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या धातूपट्ट्या) लांब-लांब, तारा जाड आणि वजन जास्त. तरी हे सुटसुटीत रूप आहे बरं का. लिओ फेंडर यांनी १९५१ साली फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बास बाजारात आणला, त्याआधी बासवाल्याला माणसाहून उंच डबल बास वाहून न्यावा लागायचा. तो आमच्या बसमध्ये चढवून दाखवा कुणी.

बासला वीज लागते. गावठाणाची लाइट कधी जाते आणि कधी येते हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे चार्जिंगचा छोटा हेडफोन अँप (अ‍ॅम्प्लिफायर), जो थेट बासच्या भोकात खोचतो. दुसरा फुकटचा: बासचं टोक लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवा. अख्खं कपाट घुमतं आणि सरावापुरता आवाज मिळतो.

माझा सल्ला असा. गाण्यासोबत एकट्याने वाजवायचं असेल तर अकूस्टिक गिटार घ्या. गाणं ऐकताना तुमचं लक्ष शब्दांआधी ढोलकीकडे जात असेल आणि वाजवायला सोबत चार जण असतील तर बास घ्या. मनात गोंधळ असेल तर सहा महिने गिटारच.

२. विकत घेताना

ऑनलाइन फोटोत सगळ्याच गिटारी सुंदर दिसतात. दोन-अडीच हजारांच्या, अडतीस इंची, झगमगीत रंगाच्या गिटारी आमच्या भागात खूप येतात आणि वर्षभरात माळ्यावर जातात. वाजवणाऱ्यात खोट नसते. तारा फ्रेटपासून इतक्या उंच असतात की दाबताना डोळ्यांत पाणी येतं. निदान पहिली गिटार तरी नागपूरला दुकानात जाऊन, हातात घेऊन बघा. जमलं तर वाजवणारा एखादा मित्र सोबत न्या.

दुकानात बघायच्या गोष्टी:

- बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा. अडीच-तीन मिलिमीटर चालेल. चार असेल तर परत द्या किंवा दुकानदाराला कमी करून मागा. शाळेच्या प्लास्टिक पट्टीने मोजू नका, तिचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. स्टीलची पट्टी न्या.
- प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. कंटाळवाणं आहे, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. कुठे झणझण झाली तर दुसरी गिटार मागा.
- तार मोकळी वाजवून ट्यूनरवर बरोबर लावा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही वेळा एकच स्वर बरोबर दिसला पाहिजे. काटा बराच सरकला तर ती गिटार वर जाताना बेसूर होणार.
- तारा नायलॉनच्या की स्टीलच्या ते विचारा. नायलॉनच्या गिटारला पुढे कधीही स्टीलच्या तारा लावू नका. त्यांचा ताण जास्त असतो, ब्रिज उपटून येतो.

पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्या. घरी आल्यावर दोन्हींचा फोटो काढून ठेवा, कारण बिलाची शाई मेच्या उन्हात उडते.

सोबत घ्यायचं सामान:

- क्लिपचा ट्यूनर. हा लागतोच. मोबाइलचा ट्यूनर माइकने ऐकतो, त्यामुळे कूलर सुरू असला किंवा बाजूला मळणीयंत्र चालू असलं की तो भांबावतो. क्लिपवाला लाकडाचा कंप पकडतो, बाहेर डीजे वाजला तरी त्याला फरक पडत नाही. त्यातला चपटा सेल घड्याळजीकडे मिळतो.
- तारांचा एक जादा संच आणि वरून पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेचे तीन नग. तीच तुटते. नवशिक्याने दहा नंबरचा, म्हणजे पातळ संच घ्यावा.
- तीन-चार पातळ पिक, म्हणजे तार छेडायच्या चकत्या. एक धान्याच्या कोठीत पडणार, एक लहान भाऊ चावणार.
- कॅपो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. हे नंतर घेतलं तरी चालेल, पण भजनात बसायचं असेल तर लागेल.
- तार कापायला पक्कड, पुसायला जुनं सुती बनियन, आणि जाड अस्तराची बॅग.

येताना गिटार बसच्या डिकीत टाकू नका. मांडीवर उभी धरा. लांबचा प्रवास असेल तर तारा थोड्या उतरवून घ्या.

३. तारा लावणं

खालच्या स्वराकडून वरच्या स्वराकडे, म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे, नावं अशी: ई, ए, डी, जी, बी, ई. पहिली आणि शेवटची दोन्ही ‘ई’, मध्ये दोन सप्तकांचं अंतर.

माझी तार का तुटली ते आता सांगता येईल. नवी गिटार बरीच उतरलेली होती. पिळताना खरा ई येऊन गेला, तो कूलरच्या आवाजात मोबाइलला कळला नाही. मग एफ आला, जी आला, आणि मी पुढच्या ई च्या मागे लागलो. बारीक तार तिथपर्यंत पोचत नाही, वाटेतच जीव सोडते. म्हणून नियम: स्क्रीन बघत सरसकट पिळू नका. खुंटी पाव फेरा फिरवा, तार छेडा, थांबा, बघा. तारेचा ताण बोटाला नेहमीपेक्षा जास्त लागला की उलट फिरवा.

स्वर नेहमी खालून वर चढवत आणा. वर गेला तर खाली उतरवा आणि पुन्हा चढवा. उतरवत आणून सोडलेली तार दहा मिनिटांत आणखी उतरते.

ट्यूनरशिवाय लावता येणंही पहिल्या महिन्यातच शिका. जाड ई पाचव्या फ्रेटवर दाबली की पुढची मोकळी ए मिळते. ए पाचव्यावर दाबली की डी. डी पाचव्यावर, जी. इथे एक खोच आहे: जी मात्र चौथ्या फ्रेटवर दाबायची, मग बी मिळते. बी पुन्हा पाचव्यावर, बारीक ई. दोन तारा एकत्र वाजवून त्यांच्यातली लाट ऐका. ‘वांव-वांव-वांव’ अशी लाट मंद होत होत थांबली की तारा मिळाल्या. रोज हे दोन मिनिटं केलं तर तीन महिन्यांत तुम्हाला हार्मोनियमची बेसूर पट्टीही ओळखू येऊ लागेल. आणि मग तुम्ही मंडळात नकोसे व्हाल, तो भाग वेगळा.

४. बसणं, धरणं आणि बोटांचे घट्टे

बाजेवर बसून वाजवू नका, ती मध्ये खचते आणि पाठ वाकते. स्टूल किंवा पायरी बरी. गिटारचं तोंड स्वतःकडे वळवून बोटं बघायची सवय लागते, ती लावून घेऊ नका.

बोट फ्रेटच्या धातूपट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे ठेवा. मधोमध ठेवलं तर दुप्पट जोर लागतो. अंगठा मागे, साधारण मधल्या बोटासमोर.

बोटांची टोकं दुखणार. दोन-तीन आठवड्यांत घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. मनगट किंवा कोपर दुखलं तर मात्र त्या दिवशी बंद करा. आपल्याकडची खास अडचण म्हणजे रोवणी, भाताची लावणी. दिवसभर बांधीतल्या चिखलात हात राहिला की घट्टे भिजून सालटं निघतात. मी एका जुलैत तसंच वाजवत राहिलो आणि बोट फाटलं. त्या पंधरवड्यात तारा दाबायच्या नाहीत, पुढच्या पायरीतला उजव्या हाताचा सराव करायचा. त्याला डावी बोटं लागतच नाहीत.

५. आधी उजवा हात

सगळे व्हिडिओ कॉर्डपासून, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या साच्यापासून, सुरू होतात. माझं मत उलट आहे. ऐकणाऱ्याला चुकीचा कॉर्ड एकवेळ चालतो, मोडलेला ठेका चालत नाही. लग्नाच्या वरातीत बाजावाल्याचा एक सूर चुकला तर कुणी वळून बघत नाही. ताशा चुकला तर नाचणारे थांबतात.

डावा तळहात तारांवर हलका ठेवून सगळ्या तारा मुक्या करा. आता तोंडाने केहरवा म्हणा, आठ मात्रा:

धा गे ना ती | ना के धी ना

उजवा हात या आठ मात्रांवर एक खाली, एक वर, एक खाली, एक वर असा अखंड फिरला पाहिजे. विषम मात्रांना खाली, सम मात्रांना वर. हात थांबवायचा नाही, घरात उखळात मुसळ पडताना पाहिलं असेल तसा एकसारखा. पाच मिनिटं. दुसरं काही नाही.

हे जमलं की सगळ्यात जास्त गाण्यांना चालणारा ठेका याच आठ मात्रांत लपलेला आहे. हात आठही वेळा फिरणार, पण तारांना फक्त पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला लागणार. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तो तारांपासून दूर, हवेतून जाणार. म्हणजे आवाज असा येतो: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. नवशिके इथेच अडकतात, कारण पाचव्या मात्रेला आवाज नाही म्हणून ते हातच थांबवतात आणि मग सहाव्याला वर जायला हात खाली असतच नाही. हात हवेत फिरू द्या. केहरव्यात पाचवी मात्रा ‘खाली’, म्हणजे रिकामी, असते, तबलजी तिथे ‘ना’ वाजवतो आणि डग्गा गप्प ठेवतो. तुमचाही हात तिथे गप्प आहे, इतकंच.

दादरा सहा मात्रांचा: धा धी ना | धा ती ना. इथे सगळ्या मात्रा खाली हात मारून वाजवा, पहिली ठसठशीत, चौथी तिच्याहून हलकी.

मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं अ‍ॅप) घ्या आणि साठवर ठेवा. चार आवर्तनं न चुकता जमली की चौसष्ट. एकदम शंभरवर जाणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे. मी सहा महिने एकच गाणं चुकीच्या लयीत, पण फार जोशात वाजवत होतो.

६. डावा हात

सुरुवातीला चार कॉर्ड पुरे: ई मायनर, ए मायनर, सी, जी. त्यानंतर डी.

कॉर्ड पाठ होणं सोपं असतं, बदलणं अवघड. त्यामुळे बदलाचाच सराव करा आणि कोणतं बोट जागेवर राहू शकतं ते शोधा. ए मायनरमध्ये पहिलं बोट बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर, दुसरं डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तिसरं जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असतं. सी करायचा तर पहिलं आणि दुसरं बोट हलवायचंच नाही, एकटं तिसरं बोट उचलून ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायचं. मी कित्येक आठवडे तिन्ही बोटं उचलून पुन्हा लावत होतो. तसंच ई मेजरचा साचा जसाच्या तसा एकेक तार बारीक बाजूला सरकवला की ए मायनर होतो.

मोबाइलवर एक मिनिट लावा आणि दोन कॉर्डमध्ये किती वेळा बदल होतात ते मोजा. वहीत तारीख आणि आकडा लिहा. तीसच्या पुढे गेलात की गाण्याला हात घाला. तोपर्यंत कॉर्ड बदलायला उशीर होत असेल तर उजवा हात थांबवू नका, तो मुक्या तारांवर फिरत राहू द्या.

एफ कॉर्ड, ज्यात एक बोट सहाही तारांवर आडवं टाकावं लागतं, त्याच्यावर निम्मे लोक गिटार सोडतात. त्याला पहिल्या चार महिन्यांत हात लावायची गरज नाही. कॅपो लावून दुसऱ्या कॉर्डांत तेच गाणं निघतं.

व्हिडिओंबद्दल एवढंच: एकच शिक्षक धरा. आमच्या गावात नेट टेकडीकडच्या बाजूलाच नीट येतं, म्हणून मी तालुक्याला गेलो की व्हिडिओ उतरवून आणायचो आणि पाऊण वेगाने लावून बघायचो. दहा जणांचे पहिले-पहिले धडे बघून कुणीच पुढे गेलेलं नाही.

७. बास धरणाऱ्यांसाठी

उजव्या हाताची पहिली दोन बोटं आळीपाळीने. एकाच बोटाने वाजवायची सवय लवकर लागते आणि मग जलद गाण्यात हात अडखळतो. बोटाने तार ओढल्यावर ते वरच्या जाड तारेवर येऊन टेकलं पाहिजे; त्याने ती तारही गप्प राहते. अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर, टेकवा.

डाव्या हाताला सुरुवातीच्या फ्रेटवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरा, तिसरं करंगळीच्या मदतीला सोबत दाबू द्या. चारही बोटं चार फ्रेटवर ताणण्याचा हट्ट खालच्या फ्रेटवर धरला तर मनगट दुखून येईल.

बासला तीन जागा पाठ असल्या की पन्नास गाणी निघतात. मूळ स्वर, त्याचा पंचम, जो पुढच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे असतो, आणि वरचा सा, जो त्याच्याही पुढच्या तारेवर, पंचमाच्याच फ्रेटवर असतो. उदाहरणार्थ ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी. त्याचा पंचम ए तारेच्या पाचव्यावर. वरचा जी डी तारेच्या पाचव्यावर.

आता डग्ग्याकडे कान द्या. केहरव्यात पहिल्या मात्रेला मूळ स्वर वाजवा आणि टिकवा. पाचव्या मात्रेला तार गप्प करा. सातव्या मात्रेला, जिथे ‘धी’ येतो आणि डग्गा परत बोलतो, तिथे पंचम. बस. एवढंच वाजवून मी माझा पहिला पूर्ण हंगाम काढला आणि कुणीही तक्रार केली नाही. तक्रार आली ती दुसऱ्या वर्षी, जेव्हा मी शहाणपणा करून स्वर वाढवले.

८. भजन मंडळात जाऊन बसा

तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आमच्या चिमूर-ब्रह्मपुरी पट्ट्यात अजून गावोगाव चालतात. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मंडळ बसतं. मी गिटार घेऊन गेलो तेव्हा हार्मोनियमवाले काका म्हणाले, “पयले टाळ्या वाजव. मंग तुझा डबा काढ.” महिनाभर मी टाळ्याच वाजवल्या. लय हळूहळू कशी चढते, ती चढवताना सगळे एकमेकांकडे कसे बघतात, आणि शेवटी एका झटक्यात सगळे कसे थांबतात, हे कुठल्या मेट्रोनोममध्ये नाही.

सोबत वाजवायची वेळ आली की पहिला प्रश्न: “पट्टी कोणती?” उत्तर ‘काळी दोन’, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, असं मिळेल आणि गिटारवाला बघत राहील. हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा:

- सी चा साचा, कॅपो नाही: पांढरी एक
- सी चा साचा, कॅपो पहिल्या फ्रेटवर: काळी एक
- सी चा साचा, कॅपो तिसऱ्यावर: काळी दोन
- सी चा साचा, कॅपो पाचव्यावर: पांढरी चार
- डी चा साचा, कॅपो नाही: पांढरी दोन
- डी चा साचा, कॅपो चौथ्यावर: काळी तीन
- जी चा साचा, कॅपो नाही: पांढरी पाच
- जी चा साचा, कॅपो पहिल्यावर: काळी चार
- जी चा साचा, कॅपो तिसऱ्यावर: काळी पाच

तरीही बेसूर लागेल. मंडळाची पेटी जुनी असते आणि तिचे स्वर ट्यूनरच्या हिशेबाने थोडे वर-खाली असतात. पेटी काही बदलणार नाही, तुम्ही बदला. काकांना पांढरी तीन दाबून धरायला सांगा, तुमची जाड ई तिला कानाने मिळवा आणि बाकीच्या तारा पाचव्या फ्रेटच्या पद्धतीने तिच्यावरून लावा. ट्यूनर खिशात.

दुसरी खबरदारी. प्रत्येक भजनावर कॉर्ड बसत नाहीत. भैरवीत कोमल रे, ग, ध, नी लागतात. तिथे सवयीने मेजर कॉर्ड मारला की त्यातला शुद्ध गंधार गायकाच्या कोमल गंधारावर आदळतो. अशा वेळी कॉर्ड सोडा. सा आणि पंचम, दोनच स्वर तानपुऱ्यासारखे धरून ठेवा. बासवाल्याने तर नुसता सा धरला तरी मंडळ खूश असतं.

९. ऊन, पाऊस आणि कूलर

देशातलं सगळ्यात जास्त तापमान, या बातमीत मे महिन्यात आमच्या ब्रह्मपुरीचं नाव पुष्कळदा दिसतं. गिटारचं लाकूड साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असतं. मेमध्ये आपल्याकडे हवा त्याहून कितीतरी कोरडी असते, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. ऑगस्टमध्ये उलट: लाकूड फुगतं, तारा उंच होतात, गंज धरतात.

उन्हाळ्यात साबणाच्या भोकाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी बॅगेत. कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका, तिथे दिवसा दमट आणि बंद केला की कोरडं असं रोज होतं. पावसाळ्यात वाजवून झालं की प्रत्येक तार बनियनने पुसा. तारांना खोबरेल किंवा गोडंतेल लावायचा सल्ला कुणी ना कुणी देईल. त्यावर धूळ बसून आवाज मरतो.

टिनाच्या छपराखाली आणि बंद गाडीत कधीच नाही. मी एका लग्नात गिटार उन्हातल्या जीपमध्ये दोन तास ठेवली. आत गोंद मऊ झाला आणि तारांच्या ताणाने ब्रिज मागून उचलला गेला. मग मी दुसरी चूक केली, एका सुतारदादांकडे नेली. त्यांनी माझ्या आग्रहाखातर दोन स्क्रू मारून ब्रिज घट्ट बसवून दिला आणि सोबत वरच्या फळीला तडाही गेला. ब्रिज उचलला गेला तर सगळ्या तारा सैल करा आणि वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या, मग ते दीडशे किलोमीटरवर का असेना.

१०. मंडपात वाजवायच्या आधी

गणपती, शारदा उत्सव किंवा नाटकाचा मंडप, कुठेही पहिल्यांदा उभं राहाल तेव्हा भीती सूर चुकण्याची असेल. मला भीती शॉकची वाटते. तात्पुरत्या जोडणीत अर्थिंग नसतं, किंवा अँप एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर असतो. तुमचे हात तारांवर, तारांचा संबंध अँपशी. आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की करंट तुमच्यातून जातो. यात माणसं दगावतात.

म्हणून टेस्टर खिशात ठेवा. सगळं चालू झाल्यावर, गाण्याआधी, तो तारांना आणि माइकच्या जाळीला लावून बघा. दिवा लागला तर साउंडवाल्याला बोलवा, तो “काही नाही होत” म्हणाला तरी वाजवू नका. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यायला लावा. माइकला स्पंजची टोपी घाला. पायात रबरी चप्पल हवी, ओल्या जमिनीवर अनवाणी तर मुळीच नको.

बासचा आवाज स्टेजवर कमी आणि दूर जास्त ऐकू येतो. त्यामुळे बासवाला आवाज वाढवत जातो आणि मागे बसलेल्यांच्या छातीत धडधडतं. एका मित्राला शेवटच्या रांगेत उभं करून खुणेने विचारा.

नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर दव पडायला लागतं, तारा गारठून आक्रसतात आणि सूर हळूहळू वर चढतो. संध्याकाळी अगदी बरोबर लावलेला बास दुसऱ्या अंकात पेटीच्या वर गेलेला असतो आणि झोपेत कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त गाणारी बाई तुमच्याकडे वळून-वळून बघत राहते. प्रत्येक अंकाचा पडदा पडला की आवाजाचं बटण शून्यावर आणा, ट्यूनर लावा, चारही तारा तपासा, दव पुसा. मग चहा.